प्रतिसरकार (पत्री सरकार) : हिंसा-अहिंसेचा पेच

‘छोडो भारत’ आंदोलनातून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीसह) उभी राहिलेली भूमिगत समांतर राजवट. काळ १९४३ ते १९४६. क्रांतिसिंह नाना पाटील हा तिचा सर्वपरिचित चेहरा. किसन वीर, जी. डी. (बापू) लाड, नागनाथ नायकवडी हे इतर प्रमुख.

सुरुवात निःशस्त्र मोर्चांनी झाली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही तेच घडले. पुन्हा मोर्चा काढून माणसे मारून घ्यायची का, हे विचारावे तर वरिष्ठ नेते तुरुंगात. कार्यकर्ते भूमिगत झाले, त्यांच्या तुफान सेनेच्या हाती शस्त्रे आली. शेणोलीजवळ रेल्वेतील रोकड (७ जून १९४३) आणि धुळ्याचा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना (१४ एप्रिल १९४४) लुटला गेला. याची टोचणी फारशी कुणाला नव्हती. इंग्रजांनी नेलेलेच परत आणले, असे हे लोक पुढेही सांगत.

अवघड होते ते गावातले. पोलिसांना खबर देणारा, चळवळीच्या नावावर दरोडे घालणारा हा गोरा साहेब नव्हे. बांधाला बांध लागलेला भाऊबंदच. न्यायदान मंडळे निवाडे करीत, पण लपूनछपून चालणाऱ्या सरकारला तुरुंग कुठला? उरला दंड, बहिष्कार नाहीतर मार. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी गुन्हेगाराच्या पायाला ठोकतात अशी बोलवा पसरली आणि ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. प्रत्यक्षात शिक्षा बहुधा तळपायांवर काठीने मारण्याची असे. खाल्लेल्याला काही दिवस धड चालता येत नसे. बिनखर्चाची ‘गांधी लग्ने’ लावणारी आणि दारूबंदी करणारी माणसे हीच. नावापुरते गांधींचे, हातात काठी, अशी टीका तेव्हाही झाली. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र सामान्य शेतकऱ्याला दरोडेखोरांपासून संरक्षण मिळाले तेही याच काठीमुळे.

मे १९४४ मध्ये सुटलेले गांधीजी त्या पावसाळ्यात पाचगणीला, म्हणजे याच जिल्ह्यात, मुक्कामाला होते. गुप्तता अहिंसेत बसत नाही, भूमिगतांनी प्रकट व्हावे, असा त्यांचा सल्ला होता. काहींनी तो मानला. साताऱ्याचे बहुतेक पुढारी बाहेर आले नाहीत. आपण हजर झालो तर आसरा देणाऱ्या गावांचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर वॉरंटे उठली आणि नाना पाटील लोकांसमोर उघडपणे आले.