अणुकेंद्राचा तराजू : ट्रॉम्बे ते कुलाबा

१/ कामशेतच्या बाजारात तांदळाच्या चार पिशव्या वेगवेगळ्या तोला किंवा एकत्र तोला, काट्यावर बेरीज तीच भरते. अणूच्या केंद्रात मात्र हा हिशेब जुळत नाही. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून हेलियमचे अणुकेंद्र बनते, तेव्हा त्याचे वस्तुमान घटकांच्या बेरजेपेक्षा सुमारे पाऊण टक्का कमी असते.

२/ केंब्रिज येथे फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये आयनांचे मार्ग विद्युत व चुंबकीय क्षेत्रांत वाकवून त्यांची वस्तुमाने मोजणारे उपकरण सिद्ध केले. त्या मोजमापांत ही तूट दिसताच, १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी सूर्याच्या तेजाचा उगम तिच्यात असावा असे सुचवले. घटलेले वस्तुमान म्हणजेच केंद्राला बांधून ठेवणारी ऊर्जा होय.

३/ वस्तुमान ही अर्धी कथा. उत्तेजित अणुकेंद्र जिन्याच्या ठराविक पायऱ्यांनीच खाली उतरते आणि प्रत्येक पायरीला गॅमा किरण सोडते. कोबाल्ट-६० पासून निर्माण झालेले निकेल-६० हे १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण लागोपाठ सोडते. किरण मोजावेत आणि त्यांवरून न दिसणारा जिना रचावा, हीच केंद्रकीय वर्णपटशास्त्राची रीत.

४/ मुंबईत या विद्येचा पाया टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घातला गेला. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत बी. व्ही. ठोसर यांच्या नेतृत्वाखाली किरणोत्सारी पदार्थांच्या बीटा व गॅमा किरणांचा अभ्यास सुरू झाला. परंतु किरणोत्सारी पदार्थ स्वतःच्या क्षयात येणाऱ्या पायऱ्याच दाखवतो. उरलेल्या पायऱ्या पाहण्यासाठी केंद्रावर बाहेरून आघात करणे भाग होते.

५/ १९६० च्या दशकाच्या आरंभी ट्रॉम्बे येथे ५.५ दशलक्ष व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ त्वरक कार्यरत झाला. अशा यंत्राचा उपयोग तराजूसारखाही होतो. लिथियम-७ वर प्रोटॉन आदळून त्यांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली, की १.८८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला प्रथम न्यूट्रॉन बाहेर पडू लागतात आणि लिथियमचे बेरिलियम-७ होते. या उंबरठ्यावरून दोन केंद्रांच्या वस्तुमानांतील फरक थेट काढता येतो.

६/ जड अणुकेंद्रे परस्परांवर आदळवायची तर त्यांचे विद्युत प्रतिकर्षण ओलांडावे लागते. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी कुलाब्याच्या आवारात १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन उभारला. ३० डिसेंबर १९८८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ऋण आयन मधल्या उच्चदाबाच्या टोकाकडे खेचले जातात; तेथे त्यांचे इलेक्ट्रॉन काढले जातात आणि धन झालेले तेच आयन पुन्हा दूर लोटले जातात. एकच व्होल्टता अशी दोनदा कामी येते.

७/ तरीही अधिक जड आयनांना ही ऊर्जा अपुरी पडे. म्हणून पेलेट्रॉनला अतिसंवाहक रेषीय त्वरकाची जोड देण्यात आली. तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा द्यायचा आणि द्रव हेलियमने त्या इतक्या थंड करायच्या की शिशाचा विद्युत रोध नाहीसा व्हावा, ही त्याची युक्ती. या त्वरकाचे आरेखन व बांधणी प्रामुख्याने देशातच झाली. २००७ मध्ये तो पूर्ण झाला.

८/ आघातातून निघालेले गॅमा किरण टिपण्यासाठी जर्मेनियमच्या डिटेक्टरांचे जाळे लागते. प्रत्येक डिटेक्टरात चार स्फटिक द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेले असतात. असे डिटेक्टर एकत्र करून ‘इंडियन नॅशनल गॅमा ॲरे’ उभी राहिली आणि मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील त्वरकांवर तिचे प्रयोग झाले.

९/ गॅमा किरणांच्या ऊर्जांमधील अंतरे जवळपास समान येत गेली, तर अंडाकृती केंद्र गरगर फिरत असल्याचे कळते. तो क्रम मध्येच मोडला, तर आतल्या कणांच्या जोड्या सुटत असल्याचा संशय बळावतो.

१०/ ट्रॉम्बेचा जुना त्वरक पुढे निवृत्त झाला; पण त्याच जागी, त्याची सामग्री कामी लावून २००० मध्ये ६ दशलक्ष व्होल्टचा नवा त्वरक सुरू करण्यात आला. ॲस्टन यांना दिसलेली पाऊण टक्क्याची तूट अशा रीतीने मुंबईच्या दोन टोकांवर पिढ्यान्‌पिढ्या तपासली जात राहिली.