नळातला वाम मासा आणि आपल्या पाण्याचा रिपोर्ट

मागच्या भागानंतर वागळे इस्टेटमधल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, आपल्या नळाचं पाणी टेस्ट होतं का? आणि होत असेल तर रिझल्ट जातो कुठे?"

हा प्रश्न माझ्या घरचाच आहे. मी सहावीत होतो. आम्ही तेव्हा वागळेतच, चाळीत राहायचो. धाकट्या भावाला कावीळ झाली आणि तो महिनाभर अंथरुणावर होता. पाण्यातून झाली की गाडीवरच्या पाणीपुरीतून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून आई पाणी उकळूनच देते. आजही.

म्हणून आजचा भाग रिपोर्टच्या इतिहासावर. आधी लंडनला जाऊ, मग परत वागळेत येऊ.

१८५२ साली लंडनच्या पाणी कंपन्यांसाठी कायदा झाला. पाणी गाळूनच द्यायचं आणि शहराजवळचे गाळलेल्या पाण्याचे साठे झाकून ठेवायचे. कागदावर सगळं छान. पण १८६६ मध्ये पूर्व लंडनला कॉलरा आला आणि पाच हजारांहून जास्त माणसं गेली. विल्यम फार नावाच्या सरकारी आकडेतज्ज्ञानं मृत्यूंचा हिशोब मांडला, तर बहुतेक मृत्यू एकाच पाणी कंपनीच्या हद्दीत निघाले. कंपनीच्या इंजिनियरनं वर्तमानपत्राला कळवलं की गेली कित्येक वर्षं आम्ही न गाळलेल्या पाण्याचा थेंबही दिलेला नाही.

मग चौकशी बसली. दोन घरांतल्या लोकांनी येऊन सांगितलं, "साहेब, आमच्या नळात वाम मासे सापडले."

आता वाळूच्या गाळणीतून वाम कसा येणार? उघड्या साठ्यातलं पाणी लोकांना सोडलं गेलं होतं, हे त्यानंतर उघड झालं. कंपनी म्हणत होती पास, नळ म्हणत होता नापास. आणि खरं काय ते कळलं, कारण पाणी पिणाऱ्याला बोलायची संधी मिळाली. त्याच काळात एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ दर महिन्याला लंडनच्या कंपन्यांचं पाणी तपासत आणि ते आकडे छापून येत. कुणाचं पाणी कसं आहे, हे कुणालाही वाचता यायचं.

हाच विचार पुढे अमेरिकेनं नियमात आणला. १९९८ मध्ये आलेल्या नियमानुसार तिथे वस्तीला पाणी पुरवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला वर्षातून निदान एकदा, १ जुलैच्या आत, ग्राहकांना रिपोर्ट द्यावा लागतो. पाणी कुठून येतं, त्यात काय सापडलं, मर्यादा किती, नियम कधी मोडला, सगळं त्यात लिहायचं. छोट्या गावांना घरोघरी पाठवण्याऐवजी स्थानिक पेपरात छापायची सवलत मिळू शकते, पण रिपोर्ट चुकत नाही.

चला, आता वागळे.

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. कारखाने आले, कामगार आले, चाळी उभ्या राहिल्या. पाण्याची गोष्ट मात्र त्याहून जुनी. तानसा धरण १८९२ सालचं, आणि मुंबईची तहान भागवायला निघालेले नळ ठाण्यातूनच जातात. आजही ठाण्याला पाणी एका ठिकाणाहून मिळत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम आहे, बारवी धरणवाली एमआयडीसी आहे आणि मुंबई महापालिका आहे. किसननगर, हाजुरी, भटवाडी या भागांना मुंबई महापालिकेकडचं पाणी येतं. म्हणजे रस्ता ओलांडला की तुमचं धरण बदलू शकतं. आपल्यापैकी कितीजणांना आपलं धरण माहीत आहे?

पाणी चांगलं की वाईट, हे ठरवणारं भारतीय मानक आहे आयएस १०५००. ते १९८३ मध्ये आलं, २०१२ मध्ये सुधारलं. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही नको. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. हा क्लोरिन वाटेतला पहारेकरी समजा. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. नळ गेला की पाइपातला दाब जातो, आणि गटाराला लागून गेलेल्या पाइपला भेग असेल तर बाहेरची घाण आत शिरते. म्हणून शुद्धीकरण केंद्रावर पास झालेलं पाणी चाळीच्या नळाला नापास होऊ शकतं. शिवाय जंतूंच्या तपासणीला एक-दोन दिवस लागतात. निकाल येईपर्यंत ते पाणी आपण पिऊन बसलेलो असतो!

२०१९ मध्ये केंद्र सरकारनं दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमधलं नळाचं पाणी तपासलं. मुंबईचे दहाच्या दहा नमुने पास झाले, दिल्लीचे सगळे अकरा नापास. ठाणे राजधानी नाही, म्हणून आपण त्या यादीत नव्हतो.

मग आपला रिपोर्ट कुठाय? तर महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात कलम ६७अ आहे. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल मांडायचा, आणि पाणी हा त्यातला एक विषय. अमेरिकेत १ जुलै, आपल्याकडे ३१ जुलै. फरक तारखेचा नाही, पत्त्याचा आहे. तिथला रिपोर्ट पाणी पिणाऱ्यासाठी असतो. आपला महापालिकेच्या सभागृहासाठी. तुमच्या माझ्या दारात तो येत नाही.

येत नसेल तर मागायचा. माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "पाणी शुद्ध आहे का?" असं विचारू नका, उत्तर "होय" येईल. असं विचारा: माझ्या भागात गेल्या वर्षी कुठल्या ठिकाणी, कुठल्या तारखेला नमुने घेतले? किती नापास झाले? नापास झाल्यावर काय केलं, आणि पुन्हा तपासलं कधी?

आई अजून पाणी उकळते. मी तिला कधी अडवत नाही. तिच्या हातात कुणी कधी रिपोर्ट ठेवलाच नाही, मग तिनं विश्वास ठेवायचा तो कशावर? पण उकळलेल्या पाण्यानं फक्त आमचं घर वाचतं. नापास नमुन्याचा कागद बाहेर आला तर अख्ख्या चाळीचा पाइप दुरुस्त होऊ शकतो.

तुमच्यापैकी कुणी अर्ज केला तर उत्तर मला नक्की पाठवा, आपण ते इथे वाचू. तोवर काळजी घ्या, पाणी प्या. भेटूच पुढच्या भागात!