वाँटेजच्या मठातील मनोरमा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याबरोबर गाव वाढले आणि कडेवरची मुले घेऊन महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांचे बिऱ्हाडही येथे स्थिरावले. आज वैशाली नगरात आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. परमुलखात मूल वाढविताना कोठे नमते घ्यावे आणि कोठे घेऊ नये, हा प्रश्न अशा प्रत्येक घराला पडतो. तो पूर्वी एका मराठी आईला फार तीव्रतेने पडला होता आणि सुदैवाने तिची पत्रे उरली आहेत.

पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली वारले, तेव्हा मुलगी मनोरमा अवघी काही महिन्यांची होती. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची तजवीज करून १८८३ साली रमाबाई दोन वर्षांच्या मुलीसह इंग्लंडला निघाल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा हेतू होता. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने आश्रय दिला. मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावयाचे, असे ठरले.

सुरुवातीलाच घाला आला. सोबतीण आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. रमाबाई इतक्या खचल्या, की काही दिवस त्या ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्या घरी राहिल्या. कानांनी दगा दिल्याने वैद्यकीही सुटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या शिकत आणि संस्कृतही शिकवीत.

येथून खरा इतिहास सुरू होतो, तो पत्रांतून. धर्म बदलला तरी रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. भगिनींना त्यात जातीचा अहंकार दिसे. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या लोकांना त्यातले काय कळणार, तेथे संस्कृत का नको, असाही त्यांचा सवाल होता. वरवर हे वाद क्षुल्लक भासतील. पण मूळ कळीचा मुद्दा मनोरमेचा होता. मुलीला कोणते धर्मतत्त्व केव्हा शिकवावे, हे भगिनींनी परस्पर ठरवू नये. तो अधिकार आईचा, असे त्या निक्षून लिहीत. मुलगी इंग्रजी थाटात वाढून आपल्याच लोकांपासून तुटू नये, हिंदुस्थानची लेक म्हणवून घेताना तिने लाजू नये, हीच त्यांची तळमळ होती. ज्या सिस्टर जेराल्डिनशी हा झगडा चाले, त्यांना त्या पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. वाद आणि माया एकाच टपालाने जात! कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंच्या शंका पुष्कळच समजुतीने घेतल्या.

रमाबाईंना हटवादी म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. थंडी, परकी भाषा, परक्या अन्नावर पोसल्याचे ओझे हे सारे त्यांनी निमूटपणे सोसले. तक्रार केली ती मुलीचा प्रश्न आला तेव्हा आणि तीही दार न आपटता, एकेका मुद्द्यावर, पत्रामागून पत्र लिहून. सहनशीलता म्हणजे सर्वच सोडून देणे असे मानणाऱ्यांनी ही पत्रे वाचावीत. सिस्टर जेराल्डिननेच ती जपली आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या. तेथे व्याख्यानांची भ्रमंती सुरू झाली. पाच वर्षांच्या मुलीला गावोगाव फिरविणे अशक्य होते. अखेर त्यांनी तिला परत वाँटेजलाच धाडले, ज्यांच्याशी वाद होता त्या भगिनींकडेच. या निर्णयाची किंमत काय असेल, हे ज्यांनी मूल दूर ठेवून नोकरी केली त्यांना सांगावे लागणार नाही. अमेरिकेत रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. मनोरमा मोठी होऊन त्याच कामात आईच्या हाताशी आली. १९२१ साली ती गेली. रमाबाई पुढल्याच वर्षी.