पीटर सेलर्सने उसने घेतलेले आवाज

वाचकहो, आधी एक कबुली देतो. 'द पार्टी' हा इंग्रजी चित्रपट मी व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांत पाहिला आणि त्यातल्या वेंधळ्या हिंदुस्थानी पाहुण्याला पोट धरून हसलो. तो पाहुणा म्हणजे तोंडाला तपकिरी रंग फासलेला इंग्रज नट पीटर सेलर्स. हसून झाल्यावर मात्र मला कॉलेजचे पहिले वर्ष आठवले. बेळगाव सोडून शिकायला गेलो होतो. वसतिगृहात मी तोंड उघडले की चारजण माझे हेल काढून दाखवत. नक्कल अगदी हुबेहूब असे, म्हणूनच ती जास्त लागे. तुमच्यापैकीही पुष्कळांनी हे सोसले असेल. आमच्या मराठीला कानडीचे वळण, इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठीला हिंदीचे, गोव्याकडच्या मराठीला कोंकणीचे. पुण्यात गेले की सगळेच गुन्हेगार! तेव्हा दुसऱ्याच्या बोलण्याची नक्कल करणारा माणूस नेमके काय करतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, आणि त्यापायी या नटाचा मी माग काढत आलो.

या गोष्टीचे एक टोक आपल्या नगरला आहे. सेलर्सचा जोडीदार आणि त्याचे बहुतेक विनोद लिहिणारा स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला जन्मला. बाप ब्रिटिश तोफखान्यात होता. पोराचे बालपण पुण्याच्या छावणीत आणि पुढे रंगूनला गेले. सेलर्सचा जन्म १९२५ चा, पोर्ट्समथजवळच्या साउथसीचा. त्याचे आईवडील दोघेही व्हरायटी थिएटरात काम करणारे. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश फिरला. ड्रम वाजवी, नकला करी. खोट्या मिशा लावून, अधिकाऱ्याचा गणवेश चढवून तो अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये शिरत असे. आपल्या कॅम्प भागात ज्यांच्या आजोबांनी असले साहेब पाहिले असतील, त्यांना यातली गंमत आणि धोका दोन्ही कळेल.

युद्ध संपले, पण काम मिळेना. १९४८ साली त्याने बीबीसीचे निर्माते रॉय स्पीअर यांना फोन लावला तो केनेथ हॉर्न या प्रसिद्ध रेडिओ कलावंताच्या आवाजात. सेलर्स नावाचा एक पोरगा फार चांगला आहे, त्याला घ्या, अशी शिफारस केली आणि मग बोलणारा तो पोरगा मीच, हेही सांगून टाकले. काम मिळाले.

२८ मे १९५१ ला रेडिओवर सुरू झालेला आणि पुढे 'द गून शो' म्हणून गाजलेला कार्यक्रम जानेवारी १९६० पर्यंत चालला. मिलिगन, सेलर्स, हॅरी सेकोम्ब, आणि सुरुवातीला मायकेल बेन्टीन. अर्ध्या तासाची धमाल, तुकड्यातुकड्यांची प्रहसने, आणि एकटा सेलर्स त्यात पाच-सहा माणसे बोलायचा. किनऱ्या आवाजाचा पोरगा ब्लूबॉटल, थरथरता म्हातारा हेन्री क्रन, आणि हिंदुस्थानी फौजेतून निवृत्त झालेला भित्रा मेजर ब्लडनॉक. छावणीत वाढलेल्या मिलिगनने साहेबाची इभ्रत ब्लडनॉकमध्ये पार धुळीला मिळवली आहे. त्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी ही बाबू-इंग्रजी बोलणारी जोडीही होती. म्हणजे साहेबही सुटला नाही आणि बाबूही.

आमच्या पॅथीत रोग्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे असते. हे जमायला वर्षे जातात, कारण ऐकता ऐकता आपण आपलेच शब्द त्यात घालतो. सेलर्सचा कान या बाबतीत जन्मजात तयार होता. भूमिका हाती आली की तो आधी आवाज शोधी. आवाज सापडला की चाल, मिशी, कपडे मागून येत. म्हणून सिनेमावाल्यांनी त्याचा चेहरा घेण्याआधी आवाज घेतला. 'बीट द डेव्हिल'च्या वेळी मोटार अपघातात हम्फ्री बोगार्टचे दात गेले, तेव्हा त्याचे काही संवाद सेलर्सने भरून काढले. 'द मॅन हू नेव्हर वॉज'मधले चर्चिल सेलर्सच्या गळ्यातले. 'द लेडीकिलर्स'मध्ये तर स्वतःच्या भूमिकेखेरीज तो पोपटांचाही आवाज झाला.

१९५९ चा 'आय ॲम ऑल राइट जॅक' मला फार मोलाचा वाटतो. त्यात तो फ्रेड काइट हा कामगार पुढारी झाला आहे. काइटला मोठे शब्द आवडतात आणि ते त्याच्या तोंडात नीट बसत नाहीत. हसू येते, पण या माणसाला बायको आहे, घर आहे, न पाहिलेल्या रशियाची स्वप्ने आहेत. बायको घर सोडून जाते तेव्हा तो कोलमडतो आणि आपले हसू थांबते. या कामाला ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुढचा 'पिंक पँथर'चा फ्रेंच इन्स्पेक्टर जगाला ठाऊक आहे. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधल्या तीन भूमिकाही गाजल्या. त्यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे.

मला बोलायचे आहे ते आपल्यावर बेतलेल्या भूमिकांबद्दल. १९६० च्या 'द मिलियनेरेस'मध्ये सोफिया लॉरेनसमोर तो हिंदुस्थानी डॉक्टर झाला. बर्नार्ड शॉच्या मूळ नाटकातला डॉक्टर इजिप्शियन. चित्रपटात तो आपला झाला. डॉक्टर गरिबांचा, सज्जन. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी दोघांनी 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेले. चित्रपट विसरला गेला, पण गाणे राहिले आणि ते उच्चारही. तिकडे वाढलेल्या आपल्या मुलांना शाळेत त्याच हेलात चिडवले जाई. अखेर १९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या कलावंतांनी बीबीसीवर स्वतःचा प्रहसनांचा कार्यक्रम काढला, त्याला नाव हेच दिले आणि या वेळी नक्कल गोऱ्यांची केली. मला हे उत्तर फार आवडले.

'द पार्टी' १९६८ चा. त्याच सुमारास सत्यजित राय यांच्या 'द एलियन'मध्ये सेलर्सने मारवाडी उद्योगपती व्हायचे ठरत होते. ते बारगळले. 'द पार्टी'तल्या बक्षीच्या पाळीव माकडाचे नाव मात्र अपू! रायांना काय वाटले असेल? पुढे अमेरिकन कार्टून मालिका 'सिम्पसन्स'मधल्या अपू या दुकानदाराला आवाज देताना हँक अझारियाने सेलर्सचा बक्षीच डोळ्यांसमोर ठेवला होता. २०२० साली त्याने ते काम सोडले आणि नंतर माफीही मागितली. नकलेची नक्कल अशी अर्धे शतक चालली.

इथे पुलंच्या 'रावसाहेबां'ची आठवण होणारच. पुल आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. आमचे हेल त्यांनी इथेच ऐकले. रावसाहेबांचे कानडी वळणाचे बोलणे ऐकताना बेळगावात कोणी रागावले नाही, कारण त्या हेलामागे गाण्यावर जीव टाकणारा आख्खा माणूस उभा आहे. काइटच्या मागेही आहे. बक्षी भला आहे, सालस आहे, अपमान करणाऱ्याला एकदा ठणकावूनही सांगतो; पण त्याचे घर कुठे, घरी कोण, हे त्या चित्रपटाला विचारावेसे वाटलेले नाही.

स्वतःबद्दल सेलर्स म्हणे की मुखवट्यांच्या मागे कोणीच नाही. १९७८ साली 'मपेट शो'त तर त्याने असा विनोद केला की पूर्वी एक 'मी' होता, तो शस्त्रक्रिया करून काढून टाकला. १९६४ मध्ये एकापाठोपाठ हृदयविकाराचे झटके आले, तरी पुढे तो फिलिपिनी वैदूंच्या नादी लागला. होमिओपॅथ म्हणून मी त्याची बाजू घेईन असे कुणाला वाटेल. मी घेणार नाही. छातीत कळ घेऊन येणाऱ्याला मी आधी ईसीजीला पाठवतो.

शेवटी १९७९ चा 'बीइंग देअर' आला. त्यातला माळी चान्स याच्यासाठी त्याने वर्षानुवर्षे धडपड केली होती. संथ, सपाट, कुठल्याच गावचा नसलेला आवाज. पण तोही उसना, स्टॅन लॉरेलकडून थोडा घेतलेला. ऑस्करचे नामांकन मिळाले, पारितोषिक डस्टिन हॉफमनने नेले. २२ जुलै १९८० ला लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात तो कोसळला. त्या सुमारास मिलिगन आणि सेकोम्ब यांच्याबरोबर जेवायला बसायचे ठरले होते. ते राहून गेले. २४ जुलैला तो वारला. वय ५४.