अठरा धान्यांचे कडबोळे

जबलपूरचा इतिहास लिहिताना गोंड राजघराणे, नागपूरकर भोसल्यांचा अंमल आणि १८१७ नंतरची इंग्रजी छावणी ह्यांचे स्मरण परिपाठाने होतेच. ह्या सुवर्णमहोत्सवी अंकातही ते अन्यत्र झालेले वाचकांस आढळेल. आम्ही येथे एक किरकोळ वाटणारा विषय घेतला आहे : एका बनावटीच्या फटफटीला दुसऱ्या बनावटीची चाके व सुटे भाग बसविण्याची विद्या.

ह्या विद्येचे मूळ शोधू गेल्यास आपण तोफेच्या गाड्यापाशी येऊन पोहोचतो. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल ह्या अधिकाऱ्याने १७६५ च्या सुमारास तोफखान्याची मापे ठरवून दिली, त्यामागे एक साधा विचार होता. रणांगणात एका गाड्याचे चाक मोडले, तर दुसऱ्याचे काढून तेथे बसविता आले पाहिजे. तुंबा, आरे, धाव सारे ठरल्या मापाचे हवे. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली आमच्या शहरात उभा राहिला आणि हा विचार येथे नित्याच्या व्यवहाराचा झाला. पुढे १९४२ च्या सुमारास खमरियाचा कारखाना आला, १९६९ मध्ये वाहन कारखाना निघाला. शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही नावे जबलपूरकरांस सांगावयास नकोत. जोंगा ह्या नावातील पहिले अक्षरच जबलपूरचे आहे. ह्या कारखान्यांतून मापाची शिस्त शिकलेले हात संध्याकाळी घरी परतत, आणि घरच्या फटफटीस तीच शिस्त लागू होई.

फटफटी येथे आली ती मुख्यत्वे लष्कराच्या मागोमाग. येथील सिग्नल प्रशिक्षण केंद्राचा आणि मोटारसायकलींचा संबंध जुना आहे. १४ फेब्रुवारी १९९६ रोजी गौरीशंकर संचलन मैदानावर सिग्नल दलाच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकाने अकरा मोटारसायकलींवर १४० जवानांचा मनोरा रचून सुमारे दोनशे मीटर अंतर तोडले, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. दुसरे महायुद्ध संपल्यावर देशभर लष्कराने निकालात काढलेल्या बीएसए एम-२०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी-३ एल अशा गाड्या लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या. सवा लाखाहून अधिक एम-२० युद्धकाळात बनल्या होत्या. परंतु कारखाना विलायतेत, आणि सुटा भाग मिळणार कोठून? एका गाडीचे पोट दुसरीच्या अवयवांनी भरावे लागले.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ह्या निरनिराळ्या कंपन्यांच्या लष्करी गाड्यांस टायर बहुधा एकाच मापाचे असत : १९ इंची रिमवर सव्वातीन इंची. टायर व ट्यूब ह्यांची अदलाबदल त्यामुळे सहज होई. मात्र हब प्रत्येकाचा स्वतंत्र. आसाची जाडी निराळी, ब्रेकचा ड्रम निराळा, साखळीच्या दंतचक्राची रेषा निराळी. म्हणून जाणता मिस्त्री चाक अख्खे उचलून लावण्याच्या फंदात पडत नसे. मूळ हब राखून त्यावर दुसऱ्या गाडीची रिम नव्या आऱ्यांनी विणून घेई. तेथेही छिद्रांची मोजदाद आधी. बुलेटच्या रिमला चाळीस छिद्रे, जावाच्या रिमला छत्तीस. येथे घासाघीस चालत नाही. विणलेले चाक मध्यावर आले की नाही, हे पुढच्या-मागच्या चाकांलगत दोरी ताणून पाहावयाचे. आजही ह्याहून स्वस्त आणि खात्रीचे साधन आम्हांस ठाऊक नाही.

लहान चाक लावण्याच्या हौसेचा हिशेबही सांगून ठेवतो. सव्वातीन इंची टायरसह १९ इंची चाकाचा व्यास साडेपंचवीस इंच भरतो. जावाचे १६ इंची चाक तसेच धरल्यास साडेबावीस. ज्या चाकाच्या फेऱ्यांवर वेगमापक चालतो तेच बदलले, तर काटा साठ दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात त्रेपन्नानेच धावते. शिवाय तिचे पोट जमिनीकडे तीन इंचांच्या निम्म्याने, म्हणजे दीड इंच, उतरते. भेडाघाटच्या वाटेवरील दगडांस हे पुरेसे होते.

मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५५ पासून बुलेट बनू लागली आणि म्हैसूरला १९६० नंतर जावा, तेव्हा सुट्या भागांची चणचण ओसरली. विलायतेतील मूळ एनफील्ड कंपनी १९७० च्या सुमारास मिटली, तरी मद्रासची बुलेट दशकानुदशके जवळजवळ त्याच साच्यात निघत राहिली. त्यामुळे नव्या बुलेटचे किती तरी भाग जुनीला थोड्या कानशीने बसत. जावाचे तसे नव्हे. तिचे आटे मेट्रिक, विलायती गाड्यांचे इंची. व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचविलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. दोन फेरे बोल्ट गोडीगुलाबीने जातो, तिसऱ्याला अडतो. तेथे पान्याने जोर केला की आटे गेलेच. आसाच्या नटाबाबत असला जोर म्हणजे जिवाशी खेळ आहे. ब्रेक व आस ह्यांत तडजोड करणाऱ्यास आम्ही कारागीर म्हणणार नाही, मग त्याची रंगरंगोटी कितीही देखणी असो.

विलायतेतही नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन घालून ‘ट्रायटन’ नावाची संकरित गाडी तरुणांनी नावारूपास आणली. ती हौस होती. आमच्याकडे बव्हंशी गरज. तथापि हल्ली जुन्या गाडीचे मोल तिच्या अस्सलपणावर ठरू लागले आहे आणि कायद्यानेही तोच रोख धरला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीतील फेरफारावर बंधन घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे लावले. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांस ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी देऊ केली. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा व इंजिन ह्यांत मोठा बदल नसावा. अशी गाडी प्रदर्शनास, फेरीस वा दुरुस्तीस न्यावी. रोजच्या वापरास नाही.

ह्या अटीपुढे आमच्या कडबोळ्या फटफटी उभ्या आहेत. आमचे मत असे की, १९४२ च्या सांगाड्यात १९६२ चे चाक असेल, तर ते चाक काढून अडगळीत टाकण्यापूर्वी मालकाने ते कोणत्या गाडीचे, केव्हा व का बसविले, हे वहीत लिहून ठेवावे आणि उतरविलेला भाग तेलाचा हात देऊन जपून ठेवावा. ज्या वडिलधाऱ्यांनी ते बसविले त्यांतील काही मंडळी आपल्यात आहेत. त्यांस विचारून घेण्याचे काम ह्याच वर्षी झाले तर बरे.