एकलहऱ्याची वीज

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं वय होतं दहा वर्षं. सातपूरची औद्योगिक वसाहत आकार घेत होती, ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला होता, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना तर ब्रिटिश काळापासूनचा. गोदावरीचं पाणी आणि मुंबई-भुसावळ लोहमार्ग, दोन्ही इथे हाताशी. नव्हता तो फक्त कोळसा.

१४० मेगावॉटचे दोन संच १९७०-७१ मध्ये आले, २१० मेगावॉटचे तीन १९७९ ते १९८१ या काळात. पहिले दोन निवृत्त झाले; उरलेल्या तिन्हींची क्षमता ६३० मेगावॉट. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि केंद्र वीजनिर्मिती करणाऱ्या महानिर्मिती कंपनीकडे आलं.

पूर्ण भारावर चालणाऱ्या २१० मेगावॉटच्या एका संचाला दिवसाला साधारण साडेतीन हजार टन कोळसा लागतो, म्हणजे जवळपास एक पूर्ण मालगाडी. वाघीण टिपलरवर चढते, अख्खी उलटी होते आणि कोळसा खाली पडतो. क्रशरमध्ये फुटून तो पट्ट्यांवरून बंकरात जातो, तिथून मिलमध्ये. मिलमधून निघतो तो पिठासारखा बारीक होऊन, कारण बॉयलरमध्ये तो गरम हवेच्या झोतावर तरंगत क्षणात जळायला हवा. भिंतींच्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती ५४० अंशांच्या आसपास तापवून टर्बाईनवर सोडतात. टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे घेतं. आपल्या घरातली ५० हर्ट्झची वीज या वेगाशी बांधलेली आहे. वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होऊन बॉयलरकडे परतते.

पावसाळ्यात कोळसा हलवण्याचं हेच काम जिकिरीचं होतं. ओला कोळसा बंकरात चिकटून बसतो, प्रवाह तुटतो, भार उतरवावा लागतो. रात्रपाळीत हा चिकटलेला कोळसा मोकळा करणाऱ्यांचे कष्ट वीजबिलावर दिसत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राखच असते. धुरातली बरीचशी राख विद्युतभारित पत्रे पकडतात. ती सिमेंट आणि विटांना चालते. उरलेली पाण्याबरोबर राखेच्या बंधाऱ्यात जाते. बंधारा कोरडा पडला की वाऱ्यावर उडणारी राख शेजारच्या शेतांवर बसते. तो ओला ठेवणं हे केंद्राचं कर्तव्यच आहे.

खरी अडचण अंतराची. विदर्भातला किंवा त्यापलीकडचा कोळसा शेकडो किलोमीटर वाहून आणावा लागतो, म्हणून वीज महाग पडते. स्वस्त वीज आधी घ्यायची, या क्रमवारीत इथले संच मागे राहतात आणि कधी बंदही ठेवावे लागतात. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवायला तेल जळतं, धातू थकतो. पण उत्तर महाराष्ट्रात, मागणीच्या ऐन तोंडाशी वीज तयार होण्याला मोल आहे. ते नुसत्या प्रतियुनिट दरात मोजणं मला अपुरं वाटतं.

उरलेल्या संचांनी चाळीशी ओलांडली आहे. ६६० मेगावॉटच्या बदली संचाची मागणी वर्षानुवर्षं होत आली. शासनाने तो तरी द्यावा, नाहीतर या जागेवर, या पाण्यावर आणि या कुशल हातांवर दुसरं काय उभं करणार ते एकलहऱ्याला स्पष्ट सांगावं.