देवाचे कोठार, गावाचा आधार



श्रींच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने आपल्या गावच्या श्रीविठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत आहे. या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे मंडळींनी सांगितले. मंदिराचे बांधकाम, देणगीदार, मूर्तीची प्रतिष्ठापना या विषयांवर अधिकारी मंडळी लिहीतच आहेत. मी एका जुन्या विषयाकडे वळतो. दगडी ओवरीच्या उत्तरेकडील खोलीला जुनी माणसे अजून ‘कोठी’ म्हणतात. या कोठीच्या निमित्ताने, अडल्यानडल्याला गावाने व देवळाने कसा आधार दिला आणि तो कोठे अपुरा पडला, याचा थोडा इतिहास सांगावा असा मानस आहे.

संकटासाठी धान्य राखून ठेवण्याची चाल या देशात फार जुनी आहे. उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ सोहगौरा येथे एक लहानसा ताम्रपट मिळाला. तो सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा, मौर्यकाळचा मानतात. त्यात दोन कोठारांचा उल्लेख असून त्यांतील माल निकडीच्या वेळी वापरावा असे सांगितले आहे. आज बांगलादेशात असलेल्या महास्थान येथील शिलालेख त्याच सुमाराचा. संकटात सापडलेल्या लोकांना कोठारातून धान्य व भांडारातून नाणी द्यावीत आणि पुन्हा सुबत्ता आली की कोठार व भांडार दोन्ही भरून ठेवावीत, अशी त्यात आज्ञा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही साठ्याचा निम्मा भाग प्रजेच्या आपत्तीसाठी ठेवावा आणि जुने धान्य काढून त्या जागी नवे भरीत जावे, असा नियम आढळतो. म्हणजे द्यावे, परत भरावे आणि धान्य जुने होऊ देऊ नये, या तिन्ही गोष्टी त्या काळच्या लोकांनी ओळखल्या होत्या.

आपल्या भीमाकाठच्या मुलखात हे काम पेवांनी केले. नव्या पिढीने पेव पाहिले नसेल म्हणून सांगतो. कठीण मुरमाच्या उंचवट्यावर तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असा खड्डा खणीत. आतून शेणामातीने सारवून, कडबा व भुसा लावून त्यात ज्वारी भरीत आणि तोंडावर फरशी ठेवून चिखलाने लिंपून टाकीत. अशी ज्वारी वर्षानुवर्षे टिके. तिला एक उग्र वास येई, पण भुकेल्या पोटाला त्याचे काय? पेव उघडल्यावर मात्र लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहात. दिवा विझला तर आतली हवा वाईट आहे असे समजून थांबत. घाईने उतरलेली माणसे पेवात प्राणास मुकल्याच्या गोष्टी आपण वाडवडिलांकडून ऐकल्या आहेत.

मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते उगाच नव्हे. तेथील काळ्या जमिनीतील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि कोठाराची आपल्या सर्वांना ठाऊक असलेली कथाही त्याच गावची. संत दामाजीपंत हे बेदरच्या बहामनी दरबाराचे मंगळवेढ्याचे अधिकारी. पंधराव्या शतकात भीषण दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली. तेव्हा पंतांनी सरकारी कोठारे उघडून लोकांना लुटविली, ही परंपरा. बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला. त्याच वेळी पंढरीचा राणा विठू महाराचे रूप घेऊन बेदरला गेला, त्याने धान्याची सगळी किंमत दरबारात भरली आणि पावती घेतली. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही कथा आली आहे आणि कीर्तनातून ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या कथेत भक्ती आहेच. पण मला तीत दोन गोष्टी विचार करण्यासारख्या वाटतात. पहिली अशी की, धान्य मंगळवेढ्याच्या शेतात पिकले, पण कोठार मात्र बेदरच्या मालकीचे होते. गावाचे स्वतःचे कोठार असते तर दामाजीपंतांना आपली मान पणाला लावावी लागली नसती आणि देवालाही बेदरची वाट चालावी लागली नसती. दुसरी गोष्ट अशी की, देवाने पैसे भरले आणि पावतीही घेतली. दयाधर्मालाही हिशेब लागतो, हे साक्षात पांडुरंगाने दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. देवाने रूप घेतले ते विठू महाराचे. त्याच मंगळवेढ्यात चोखोबा १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले, अशी परंपरा आहे. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मनाई होती, त्यांना देवळातल्या कोठीचा काय उपयोग? पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. गावाच्या आधाराचा इतिहास सांगताना हा आधार सगळ्या गावाला मिळत नव्हता, हे झाकून ठेवणे बरे नव्हे.

देवळाचा आणि दुष्काळाचा संबंध तुकोबांच्या चरित्रातही आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ आला. तुकोबांची पहिली पत्नी त्यात अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. घराणे सावकारीचे होते. पण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली आणि देहूच्या मोडकळीस आलेल्या विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार मनावर घेतला. आज आपण जीर्णोद्धार करीत आहोत, तेव्हा या दोन गोष्टी त्यांच्या जीवनात जोडीने घडल्या हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कर्जखते बुडविली म्हणजे तुकोबांनी काय केले, हे समजण्यासाठी धान्याची सावकारी कशी चाले ते पाहिले पाहिजे. आषाढ-श्रावणात घरातली कणगी रिकामी झाली की कुणबी सवाईने किंवा दिढीने धान्य आणी. सवाई म्हणजे चार पायल्यांना सुगीत पाच, दिढी म्हणजे चारांना सहा. एक साल पीक बुडाले तर त्या सहांचे नऊ होत, पुढच्या साली साडेतेरा. चार पायल्या ज्वारीपायी तिसऱ्या वर्षी बैल जाई, मग जमीन जाई. भूक काही दिवसांची असे, पण तिचे देणे पिढ्यांचे होई.

१८७६ ते १८७८ या काळातल्या दुष्काळाने तर कहर केला. हिंदुस्थानात ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज पुढे सरकारी दुष्काळ आयोगाने दिला. धान्य देशात नव्हते असे नाही. त्या काळातही धान्य बोटींतून परदेशी जातच होते. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक रतल, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य पुरे, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडी येथे दुष्काळपीडितांच्या मुलांसाठी आश्रम काढला आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. लोकांनी हात पुढे केले तेथे माणसे वाचली. पण ही सगळी धावपळ दुष्काळ दारात आल्यावरची होती.

आता १९७२. त्या वेळी मी प्राथमिक शाळेत होतो. आदल्या सालीही पाऊस ओढलेला, त्यात बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला. दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख लोक अशा कामांवर होते. तलाव, पाझर तलाव, रस्ते, खडी. मुलांना सुखडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला आपण मिलो म्हणत होतो. तिची भाकरी थापली की तुटे, पण तिने जगविले हे खरे. भूकबळींची जी परंपरा आधीच्या दुष्काळांत होती ती या वेळी मोठ्या प्रमाणात टळली. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली रोजगार हमी योजना या अनुभवातून पक्की झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. हाताला काम मागण्याचा हक्क महाराष्ट्राने दिला, याचा आपणास अभिमान असावा.

परंतु काम सुरू होईपर्यंतचे दिवस कोणी काढायचे? आमच्या घरची कणगी श्रावणात संपली. आईने मला दिवे लागल्यावर एका नात्यातल्या घरी उसनी ज्वारी आणायला धाडले. “उजेडी जाऊ नको रे बाळा,” एवढेच ती म्हणाली. ज्वारी मिळाली, नाही असे नाही. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायांत ती गोष्ट बोलली गेली. आई घागर अर्धी भरूनच परत आली. त्यानंतर तिने मला कोणाकडे पाठविले नाही. त्या पंधरा दिवसांत आम्ही काय खाल्ले ते येथे लिहीत नाही. देणारीचे मन वाईट नव्हते. पण घेणाऱ्याची मान खाली गेली की त्या घासाची चव जाते, हे मी तेव्हा शिकलो.

इकडे आपण पेवे बुजविली आणि तिकडे परदेशात नव्याने तीच गोष्ट निघाली. अमेरिकेत फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी १९६७ साली पहिली अन्नपेढी काढली. एक गरीब आई दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून मुलांसाठी अन्न वेचीत असे. पैशासाठी बँक असते तशी अन्नासाठी का नसावी, असे तिने त्यांना सुचविले अशी हकीकत आहे. आपल्याकडेही सरकारने १९९६-९७ मध्ये ग्राम धान्य बँकेची योजना आणली. आरंभी ती आदिवासी भागासाठी होती. कुटुंबामागे एक क्विंटल धान्य गावात ठेवायचे, अडचणीच्या महिन्यांत उसने द्यायचे आणि सुगीत परत घ्यायचे. पाहिले तर महास्थानच्या शिलालेखातलीच ही आज्ञा!

कोणी म्हणेल, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आता माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून तर ते मोफत आहे, मग कोठी कशाला? कायदा हवाच, त्याने फार मोठे काम केले आहे. पण अडचण कायद्याच्या रकान्यात बसून येत नाही. कोणाचे नाव कार्डावर चढलेले नसते. कोणा म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. कोणी ऊसतोडीला जाताना आईबापांना मागे ठेवून जातो. घरचा कर्ता पुरुष दवाखान्यात पडला की पंधरा दिवसांत घर बसते. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेले मजूर आपल्या सडकेवरून गेले, तेव्हा या गावाने पिठले-भाकरी वाढली. त्या वेळी कोणी कोणाची जात विचारली नाही, की कार्ड मागितले नाही. गावाला हे जमते, हे आपण पाहिले आहे.

म्हणून जीर्णोद्धार समितीपुढे व समस्त गावापुढे माझी नम्र सूचना आहे. उत्तरेकडील कोठी सामानाची अडगळ ठेवण्यासाठी न वापरता तिला पुन्हा कोठी करावी. सुगीला प्रत्येक खळ्यावरून ऐपतीप्रमाणे पायली, दोन पायल्या ज्वारी यावी. ज्याला शेत नाही त्याने मूठभर दिली तरी ती पायलीच्या तोलाची. सप्ताहाला जी पोती जमतात त्यांतील काही आधी कोठीत पडावीत, मग कढई चढावी. किल्ल्या तिघांकडे असाव्यात, त्यांत एक बाई असावी, कारण घरातली कणगी कधी संपते हे बाईलाच आधी कळते. ज्याला परत करणे शक्य आहे त्याने सुगीत घेतले तेवढेच परत करावे, सवाई नाही आणि दिढी नाही. ज्याला शक्य नाही त्याला विचारू नये. दरसाल जुने धान्य काढून नवे भरावे. किती आले, किती गेले, किती उरले याचा हिशेब तुकाराम बीजेला देवापुढे मोठ्याने वाचावा. मात्र घेणाऱ्यांची नावे वाचू नयेत. ती वही तिघांपाशीच राहावी. आणि कोठीला गल्लीच्या बाजूने एक दार असावे, म्हणजे कोणाला दिवे लागण्याची वाट पाहावी लागणार नाही.

मंदिराचा कळस दुरून दिसतो, त्याने गावाची शोभा वाढते. कोठी दिसत नाही. पण कळसाखाली कोणी उपाशी निजला नाही असे पुढच्या पिढीला सांगता आले, तर हा जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पुरा झाला असे मी समजेन. दामाजीपंतांसाठी पांडुरंग बेदरला धावला. आपल्यासाठी त्याला पुन्हा तेवढी वाट चालायला लावू नये, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

लिहिण्यात काही अधिकउणे झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. इति लेखनसीमा.

— गावचा एक सेवानिवृत्त शिक्षक